जडावलेल्या हाताची गोष्ट



स्तनाच्या कॅन्सरचं नाव निघालं की आपलं बोलणं गाठीवर सुरू होतं आणि ऑपरेशनवर संपतं. आज आपण ऑपरेशनच्या पुढचं बोलणार आहोत. टाके निघाले, बाई घरी आली. भेटायला येणारी प्रत्येक जण म्हणते, "सुटलीस बाई!" पण त्या बाईला रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. काखेत ठणका लागतो. दंडाच्या आतल्या बाजूला मुंग्या येतात, कातडी बधिर वाटते. हात डोक्यापर्यंत जात नाही, स्वतःची वेणी स्वतःला घालता येत नाही. काही जणींचा हात काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनी सुजायला लागतो. बांगडी चढत नाही, ब्लाउजची बाही रुतते, हात ओझ्यासारखा जड होतो. आणि ती कोणाला सांगत नाही. जीव वाचला तेवढं पुरे, आता हाताचं काय रडगाणं गायचं, असं तिलाच वाटतं.

ही गप्प बसण्याची रीत फार जुनी आहे, आणि ती फक्त आपल्या गावची नाही. मोठमोठ्या देशांतल्या मोठमोठ्या दवाखान्यांतही कितीतरी वर्षं या हाताकडे कोणी नीट बघितलं नव्हतं. ते बघायला लावलं, त्यात बायकांचा वाटा मोठा आहे. ती गोष्ट ऐकली की आपल्या दुखण्यातलं काय सोसावं लागतं आणि काय मुळीच सोसायचं नसतं, हे कळायला सोपं जातं.

भूल नव्हती तेव्हा

सुरुवात करू पॅरिसपासून. साल १८११. फॅनी बर्नी नावाची इंग्रज लेखिका तेव्हा नवऱ्यासोबत पॅरिसमध्ये राहत होती. कादंबऱ्या लिहून तिने मोठं नाव कमावलं होतं. वय ५९. उजव्या स्तनात गाठ आली. ३० सप्टेंबर १८११ रोजी नेपोलियनच्या सैन्यातले नामांकित सर्जन लारे यांनी तिच्या घरीच ऑपरेशन केलं आणि स्तन काढला. भूल देण्याचं औषध युरोपात तेव्हा नव्हतं. तिला थोडी वाइन दिली आणि चेहऱ्यावर एक पातळ रुमाल टाकला. त्या रुमालातून तिला सगळं दिसत होतं.

नंतर तिने आपल्या बहिणीला, एस्थरला, पत्र लिहून हे सगळं कळवलं. ते पत्र पुरं करायला तिला कित्येक महिने लागले, कारण आठवलं तरी त्रास व्हायचा. पुढे ती १८४० पर्यंत जगली. जुन्या काळात अशा ऑपरेशनबद्दल डॉक्टरांनी बरंच लिहून ठेवलं आहे. पण जिच्या अंगावर शस्त्र चाललं, तिने स्वतः इतकं सविस्तर लिहिलेलं फार क्वचित सापडतं. दुखणं बोलून दाखवणं ही तक्रार नाही, ती माहिती आहे. आजचे डॉक्टरसुद्धा ते पत्र वाचतात.

त्याच्या सात वर्षं आधी, १८०४ मध्ये, जपानमध्ये हानाओका सेइशू या वैद्याने साठ वर्षांच्या एका बाईला पूर्ण भूल देऊन तिच्या स्तनातली गाठ काढली होती. त्याचं औषध वनस्पतींचं होतं. त्यात धोतरा आणि बचनागाच्या जातीच्या वनस्पती होत्या. आपल्याला ठाऊक आहे, दोन्ही जहाल विषारी. (ऐकून कोणी घरी प्रयोग करू नका.) ते औषध त्याने स्वतःच्या आईवर आणि बायकोवर तपासून बघितलं आणि त्यात बायकोची दृष्टी गेली, असं सांगितलं जातं. जपान तेव्हा बाहेरच्या जगासाठी बंद होता, त्यामुळे ही विद्या बाहेर गेली नाही. पुढे १८४६ मध्ये अमेरिकेत बोस्टन शहरात ईथर हुंगवून सगळ्यांसमोर ऑपरेशन झालं आणि भूल जगभर पोहोचली.

भूल आल्यावर टेबलावरचं दुखणं गेलं. मग सर्जनना घाई राहिली नाही. सावकाश, खोलवर कापता यायला लागलं. आपल्या हाताची खरी गोष्ट इथून सुरू होते.

मुळासकट उपटायचं

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स नावाचं मोठं रुग्णालय आहे. तिथे विल्यम हॉलस्टेड हे सर्जन होते. कॅन्सर गाठीपासून सुरू होऊन चहूबाजूंनी पसरत जातो, म्हणून तो शेतातल्या हरळीसारखा मुळासकट काढला पाहिजे, असं त्या काळात मानत. १८८२ पासून ते अशी ऑपरेशनं करू लागले आणि १८९४ मध्ये त्यांनी ५० बायकांच्या ऑपरेशनांचा अहवाल छापला. या ऑपरेशनात पूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढून टाकत. त्या जागी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण खूप कमी झालं. म्हणून पुढची सत्तर-ऐंशी वर्षं बहुतेक जगात हेच ऑपरेशन चाललं.

पण छातीचे स्नायू गेले की हात उचलायची ताकद जाते. आणि काखेतल्या गाठी गेल्या की काय होतं, ते समजून घेऊ.

आपण शेतकरी बाया. शेताला पाणी पाटाने येतं. पिकाला लागेल तेवढं पीक घेतं आणि जास्तीचं पाणी चरातून निघून जातं. चर बुजला तर शेत पाणथळ होतं. शरीरातही तसंच आहे. रक्त हाताकडे जातं, त्यातलं थोडं पाणी मांसात झिरपतं. ते गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या केसासारख्या बारीक नळ्या असतात. त्या पाण्याला लसीका म्हणतात. हाताकडून येणारे हे चर काखेत एकत्र येतात आणि तिथे वाटाण्याएवढ्या, घेवड्याच्या दाण्याएवढ्या ग्रंथी असतात. त्या गाळणीचं काम करतात. कॅन्सर पसरायला लागला की बऱ्याचदा पहिल्यांदा याच गाळणीत अडकतो, म्हणून डॉक्टर त्या काढतात. पण गाळणी काढली की चरही तुटतो. रेडिएशनने, म्हणजे ज्याला आपल्याकडे "लाईट देणं" म्हणतात, त्यानेही उरलेले चर आक्रसतात. मग पाणी हातात साठतं. ही ती सूज.

ठणका आणि मुंग्या यांचं कारण वेगळं. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला एक बारीक नस जाते. ऑपरेशनात ती ताणली जाते किंवा तुटते. त्यामुळे तिथे बधिरपणा येतो, आग होते, विजेचा झटका बसल्यासारखं होतं. काही बायकांना तर काढून टाकलेला स्तनच दुखतोय असं वाटतं. हा मनाचा खेळ नाही. नस तुटली तरी मेंदूला त्या जागेची आठवण असते.

या सुजेकडे हॉलस्टेड यांचंही लक्ष गेलं होतं. १९२१ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि तिला "ऑपरेशनमुळे होणारा हत्तीरोग" अशा अर्थाचं नाव दिलं. हत्तीरोग हा शब्द आपल्याला नवा नाही. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूरकडे हत्तीपाय झालेली माणसं आपण पाहिली आहेत. तिथे डासामुळे शिरलेले जंतू चर बिघडवतात, इथे ऑपरेशनमुळे चर तुटतो. कारण वेगळं, पण तुंबलेलं पाणी तेच. जखमेत जंतू शिरल्याने सूज येते, असं हॉलस्टेड यांचं म्हणणं होतं. ते पूर्ण कारण नसलं तरी एक गोष्ट खरी ठरली: अशा हातात जंतुसंसर्ग झाला की सूज वाढते.

"आमच्याशी कोणी बोललंच नाही"

सूज येते हे डॉक्टरांना माहीत होतं. मग बायकांना कोणी सांगितलं का? फारसं नाही. बाई किती वर्षं जगली, हे मोजलं जायचं. हात किती वर जातो, हे मोजायची पद्धत नव्हती.

१९५२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या टेरेसे लॅसर या बाईचं असं ऑपरेशन झालं. तिच्या मनात आपल्याच मनातले प्रश्न होते. हात कधी हलवू? कपडे कसे घालू? नवऱ्याला काय सांगू? धड उत्तर कोणी देईना. मग तिने स्वतः व्यायाम शोधून काढले आणि ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या बायकांना भेटायला जाऊ लागली. तिच्याकडचं सामान अगदी साधं: एक रबरी चेंडू, एक दोरी, आणि चोळीत घालायला एक मऊ उशी. चेंडू मुठीत दाबायचा. दोरी दारावरून टाकून दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढायची, म्हणजे दुखरा हात चांगल्या हाताच्या आधाराने वर जातो. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर वर चढायचं आणि पोहोचलो तिथे खूण करायची.

काही डॉक्टरांना हे आवडलं नाही. शिकलेले डॉक्टर असताना ही कोण सांगणार? काही रुग्णालयांनी तिला आत येऊ दिलं नाही. पण बायका तिला बोलावत राहिल्या. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तिचं काम आपल्याकडे घेतलं आणि पुढे ते अनेक देशांत पोहोचलं. ज्या बाईने ते सोसलं आहे, तिने दुसरीच्या उशाशी जाऊन बसायचं, एवढीच त्यामागची कल्पना होती.

दुसरी एक बाई, रोज कुशनर. ती पत्रकार होती. १९७४ मध्ये तिला गाठ लागली. तेव्हा अशी रीत होती की बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा तपासायचा, आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलेत स्तन काढून टाकायचा. जाग आल्यावर छातीवर हात नेला की तिला कळायचं. रोज म्हणाली, आधी तपासणी करा, मला उठू द्या, मग आपण ठरवू. यासाठी तयार होणारा सर्जन शोधताना तिला फार फिरावं लागलं. तिने त्यावर पुस्तक लिहिलं, भांडली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची बैठक घेतली, त्यात तीही होती. एकाच भुलेत सगळं उरकण्याची पद्धत थांबवावी, असं त्या बैठकीत ठरलं.

छोटं ऑपरेशन, हलका हात

याच काळात काही डॉक्टरही जुन्या समजुतीला प्रश्न विचारत होते. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७१ पासून सोळाशेहून जास्त बायकांवर अभ्यास सुरू केला. काहींचं हॉलस्टेड यांच्यासारखं मोठं ऑपरेशन झालं, काहींचे स्नायू राखले. पुढे दहा वर्षांनी पाहिलं, तर जगण्यात फरक नव्हता. इटलीत मिलान शहरात उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी ७०१ बायकांवर अभ्यास केला. लहान गाठ असेल तर स्तन राखून, तेवढाच भाग काढून, लाईट देऊन तेवढाच गुण येतो, हे त्यांनी १९८१ मध्ये दाखवलं. म्हणजे कितीतरी बायकांचे स्नायू गरज नसताना कापले गेले होते.

१९९० नंतर काखेतही बदल झाला. निळा रंग किंवा किंचित किरणोत्सारी औषध टोचून काखेतली पहिली गाळणी कोणती ते शोधायचं आणि आधी तेवढीच तपासायची. ती स्वच्छ असेल तर बाकीच्या सहसा तशाच ठेवता येतात. याचा फायदा सरळ हातावर दिसतो. काखेतल्या बऱ्याच ग्रंथी काढल्या तर साधारण पाचपैकी एका बाईचा हात सुजतो. पहिल्या एक-दोनच काढल्या तर वीसपैकी एकीचा. आपल्याकडे अडचण ही, की गाठ मोठी होईपर्यंत बाई घरातच बसते. मग काखेतलं जास्त काढावं लागतं. लवकर गेलं तर जीव वाचण्याची आशा वाढतेच, शिवाय हातही राखता येतो.

होडी वल्हवणाऱ्या बायका

आता सगळ्यात मोठा गैरसमज. "त्या हाताने काही उचलू नको." हे डॉक्टरही सांगत आणि सासूही. जोर दिला की हात सुजेल, अशी भीती होती.

कॅनडात व्हँकूवर शहरात डॉन मॅकेन्झी या डॉक्टरांना हे पटत नव्हतं. १९९६ मध्ये त्यांनी स्तनाचं ऑपरेशन झालेल्या २४ बायका गोळा केल्या आणि त्यांना लांब होडी वल्हवायला शिकवलं. वल्हवणं म्हणजे सगळा जोर हातावर आणि खांद्यावर. सराव हळूहळू वाढवला. त्या मोसमात एकीलाही नव्याने सूज आली नाही. आज जगभर अशा बायकांच्या होड्यांचे संघ आहेत.

पुढे २००९ मध्ये अमेरिकेत कॅथरीन श्मिट्झ यांनी आधीच हात सुजलेल्या १४१ बायकांवर अभ्यास केला. निम्म्या जणींना आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजन उचलायला लावलं. त्यांची सूज वाढली नाही. उलट सूज अचानक उफाळण्याचा त्रास कमी झाला आणि ताकद वाढली. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या ३९२ बायकांच्या अभ्यासातून दिसलं की, ऑपरेशननंतर आठवडा-दहा दिवसांत शिकलेल्या माणसाकडून व्यायाम सुरू केले तर वर्षाने हात जास्त चांगला चालतो आणि दुखणंही कमी राहतं.

यातली खरी किल्ली "हळूहळू" या शब्दात आहे. आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक बाई सहा महिने हात पोटाशी धरून बसते आणि खांदा आखडून जातो. दुसरी पंधराव्या दिवशी भरलेला हंडा उचलते, कारण घरात दुसरं कोणी नसतं. दोन्हीत हाताचं नुकसान आहे.

आपल्या घरी काय करायचं

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून साधारणपणे मूठ उघड-मीट करता येते, कोपर वाकवता येतं. बसताना-झोपताना हात उशीवर थोडा उंच ठेवावा. खांद्याच्या वर हात कधी न्यायचा, हे आपल्या डॉक्टरांना विचारावं. नळी लावलेली असेल तर त्यांचा सल्ला वेगळा असू शकतो. सुट्टी घेण्याआधीच फिजिओथेरपिस्टला भेटायचं आहे, असं स्वतःहून सांगावं. मग भिंतीवरची मुंगी रोज चढवायची. ताण जाणवला तर चालेल, कळ आली तर थांबायचं. दुखण्याची गोळी दिली असेल तर व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घेता येईल का, तेही विचारून ठेवावं. काखेतून कोपराकडे दोरी ताणल्यासारखी वाटली तर घाबरू नका. ती बहुतेक वेळा ताणाच्या व्यायामाने काही महिन्यांत सैल होते. दाखवून मात्र घ्या.

छातीवर किंवा काखेत पाणी साठून फुगवटा आला, तर तो दाबू नका, डॉक्टर सुईने पाणी काढतात. बधिर जागेवर गरम शेक किंवा गरम लेप नको. चटका बसलेला कळतच नाही. सुजलेल्या हाताला जोराने तेल चोळू नका. सुजेसाठीचा मसाज अगदी हलक्या हाताचा असतो. व्होडर नावाच्या डॅनिश पती-पत्नीने तो १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये घडवला. तो शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावा. त्याच्या जोडीला मापाची, दाब देणारी बाही मिळते. ती कधी आणि किती वेळ घालायची, हेही तेच सांगतात.

खुरपताना, काटे वेचताना, चिखलात लावणी करताना त्या हातात हातमोजा घाला. कापलं तर लगेच साबणाने धुऊन कोरडं करा. घट्ट बांगड्या काढून ठेवा. सुई टोचायची असेल तर शक्यतो दुसरा हात पुढे करा. आणि हात अचानक लाल, गरम झाला, थंडी-ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळपर्यंत थांबू नका.

तीन महिने होऊनही ठणका, आग, झटके थांबत नसतील, तर तेही सांगा. नसेच्या दुखण्यावर वेगळी औषधं असतात. साध्या गोळीने गुण येत नाही म्हणून दुखणं अंगावर काढायचं, असं काही नाही.

मैत्रिणींनो, टेरेसे लॅसरकडे डॉक्टरकीचं शिक्षण नव्हतं. तिच्याकडे एक दोरी होती आणि दुसऱ्या बाईच्या दारात जायची तयारी होती. आपल्या बचत गटात, आपल्या आळीत अशी एखादी जण असेल, तर या आठवड्यात तिच्याकडे जा. "बरी आहेस ना?" असं विचारलं तर ती "हो" म्हणेल. तिला विचारा, "हात कुठपर्यंत वर जातो, दाखव बघू." भिंतीवर कोळशाने खूण करा, तारीख लिहा. तोवर तिचा हंडा तुम्ही उचला. पुढच्या आठवड्यात जाल तेव्हा खूण किती वर गेली, ते दोघी मिळून बघा.